किती ते सांगा, कोण ते नको

माही आई अन् माही काकू एकमेकीशी बोलत नाईत. लई वर्षं झाली. कारण विचाराल तं वांग्याची भाजी. काकूच्या पोरीच्या लग्नात भाजी तिखट झाली होती, अन् भाजीकडं पाहायचं काम आईकडं होतं. काकू बोलली काहीच नाई, नुसतं आईकडं पाह्यलं. आई म्हणते, "बोलली असती तं मी सोडून देलं असतं. पण पाह्यलं न तिनं!" तेव्हापासून दोघी एका पंगतीत जेवतात, एका फोटोत उभ्या राहतात, अन् बोलायचं असलं की मधात मी.

"सांग तुह्या काकूले, पोह्यावर लिंबू पिळायचं राह्यलं."

काकू तिथंच, हातभर अंतरावर. मी मान वळवायची, निरोप द्यायचा, अन् उत्तर काकूच्या आवाजात आईले परत करायचं. असे निरोप नेता नेता आवाज चिकटत गेले. आज मी मोहल्ल्यातल्या कोणाचीही नक्कल करू शकते. न बोलणाऱ्या लोकांकडून काम कसं काढून घ्यायचं तेही तिथंच शिकली, अन् पोट त्याच्यावरच चालू आहे.

मी पांढुर्ण्यात घरूनच काम करते, वरच्या खोलीत, जिथं आधी संत्र्याचे रिकामे क्रेट राहायचे. काम असं आहे. देशोदेशीचे काही इंजिनिअर, काही जाहिरातवाल्या कंपन्यांचे लोक अन् काही लोकांच्या खाजगीपणासाठी भांडणारे, असे सगळे मिळून एक नियमावली लिहून राहिले आहेत. मोबाईलवर जाहिरात पाहून किती जणांनी वस्तू घेतली हे दुकानदाराले कळलं पाहिजे, पण कोणी घेतली हे कोणालेच कळायले नको. नियम ते लिहितात. मी मिटिंगा लावते, कोण काय बोललं ते उतरवते, अन् जे दोघं भांडले त्यांना पुढच्या मिटिंगीच्या आधी वेगवेगळं विचारते, "तुमचं नेमकं म्हणणं काय आहे?" म्हणजे पोह्यावरचं लिंबूच, फक्त इंग्रजीतून.

बाबा तहसील ऑफिसातून रिटायर झालेले. चौकात सांगतात, "पोरगी इंटरनेटचे कायदे बनवून राहिली." मंग लोक मोबाईल घेऊन घरी येतात. "बेटा, ह्या गुडघेदुखीच्या तेलाच्या जाहिराती बंद करून दे न."

आमच्या ग्रुपातले लोक लई गोड आहेत. एक गृहस्थ कोणीही काही म्हटलं की आधी असा उसासा टाकतात, जसं त्यांचीच पोरगी सासरी निघाली. एक बाई म्हणतात, "माझा फक्त एक छोटासा प्रश्न आहे," अन् त्या छोट्याशा प्रश्नात माहा चहा थंड होते, त्याच्यावर साय येते, तरी प्रश्न चालूच. मी जेवताना दोघांची नक्कल करते. आईले इंग्रजी येत नाई, पण उसासा बरोबर समजते. म्हणते, "बिचाऱ्याले घरी कोणी ऐकत नसन."

एक दिवस आई तूर निवडून राहिली होती. म्हणाली, "तुहं काम मले एकदा नीट सांग. बाया विचारतात."

मी म्हटलं, "समज, मोहल्ल्यातल्या किती बायांनी जाहिरात पाहून साडी घेतली, ते काढायचं आहे. पण कोणी घेतली ते कळू द्यायचं नाई. तं प्रत्येक बाई आपलं उत्तर दोन तुकड्यात फोडते. एक तुकडा तुह्या कानात, एक काकूच्या कानात. एकट्या तुकड्यातून काहीच समजत नाई. तू तुह्याकडच्या तुकड्यांची बेरीज कर, काकू तिच्याकडच्यांची करन. शेवटी त्या दोन बेरजा जोडल्या की किती साड्या ते निघते. कोणाच्या, ते नाई."

"अन् मी काकूले विचारून घेतलं तं?"

"तेच तं! विचारायचं नाई. दोघी बोलल्या की खेळ खलास."

आईनं सूप खाली ठेवलं. "म्हणजे तुह्या साहेबलोकायले माह्यासारख्या अन् तिच्यासारख्या बाया पाहिजेत."

"हाव."

"आमच्यासारख्या नाई भेटायच्या त्याईले," आई म्हणाली, अन् परत तूर निवडाले लागली. लई दिवसांनी तिले त्या भांडणाचा अभिमान वाटला असन.

आता ताई. काकूची पोरगी, सौंसरात दिलेली. काका गेल्यावर काकूही तिच्याच गल्लीत राहाले गेली. ताई ब्लाऊज शिवते. साधेही शिवते, अन् एक वेगळा प्रकार शिवते. ज्या बायांचं स्तनाचं ऑपरेशन झालं, एक बाजू काढून टाकली, त्यांच्यासाठी आतून मऊ कापसाचा भराव असलेले. वजन बरोबर, उतार बरोबर, खांदा एकीकडं ओढत नाई. अशा बाया दुकानात येत नाईत. आल्या तरी "सहज आली होती" म्हणतात अन् फॉल-पिको करून निघून जातात. म्हणून ताई मोबाईलवर जाहिरात देते, सौंसर, मोहगाव अन् रामाकोन्यात.

ती ज्या कंपनीकडून जाहिरात देते, त्यांनी आमच्यासारखाच नियम परखून पाहणं चालू केलं होतं. त्याच्यात असं आहे की एखाद्या गावात जाहिरात पाहणारे लोक फारच थोडे असले तं त्यांचा आकडाच दाखवत नाईत. अन् जो दाखवतात, त्याच्यातही मुद्दाम थोडंसं कमीजास्त मिसळतात, म्हणजे कोणी एकट्या माणसापर्यंत पोचू नये.

ताईचा फोन आला. "काऊन वं, हे तुह्याच लोकांनी केलं का?"

"काय केलं?"

"माह्या रिपोर्टात तिन्ही गावांसमोर नुसती रेघ येऊन राहिली. मोहगाव, रेघ. रामाकोना, रेघ. ज्या थोड्या जणी आल्या त्या जाहिरात पाहून आल्या की दवाखान्यातून ऐकून, मले कसं समजन? नसन कोणी पाहत तं मी हे बंद करते अन् लग्नाचे ब्लाऊज शिवत बसते."

"ताई, गाव लहान आहे न. एकदोन जणी असतील तं ओळखू येतील."

"तुहं बरं आहे. वर बसून शहाणपणा. खाली तुह्या बहिणीच्या दुकानाले रेघ."

तिचं खरं होतं. मोठ्या शहरातल्या दुकानदाराले आकडा भेटते, लहान गावच्यांना रेघ. मी पुढच्या मिटिंगीच्या विषयांमधे टाकलं, की लहान जाहिरातदारांसाठी ही कमीत कमी माणसांची मर्यादा खाली आणावी का. विषय टाकायचा मले हक्क आहे, मत द्यायचा नाई. पण मनात माहं मत ठरलं होतं. आणावी.

तेवढ्यात वहिनीचं डोहाळजेवण आलं.

अंगण भरलेलं. वहिनी झोपाळ्यावर हिरव्या साडीत. आई एका टोकाले, काकू दुसऱ्या टोकाले, मी मधात निरोपाची गाडी. ताई आली होती, अन् तिची सासूही. सासू म्हणजे प्रेमळ बाई. सुनेचं कौतुक कुठं ठेवू अन् कुठं नाई असं होते तिले. ताईनं घरून निघतानाच तिले बजावलं होतं, "आई, रामाकोन्याचं नाव घ्यायचं नाई." सासूनं देवाची शपथ घेतली होती.

बायांनी विचारलं, सुनेचं दुकान कसं आहे?

"लई छान! ते ऑपरेशनवालीचे ब्लाऊज नाई का, त्याचीच तं जाहिरात. तिन्ही गावात पोचलो आपण," सासू म्हणाली. "आठ जणींनी नेले. चार सौंसरच्या, तीन मोहगावच्या..." अन् शपथ आठवून तोंड गच्च बंद केलं.

तीन गावं कोणती, ते सगळ्यांना ठाऊक होतं. अंगणातल्या बायांचे डोळे वर गेले. इतक्या बाया एका वेळी वजाबाकी करून राहिल्या होत्या.

"मंग आठवी रामाकोन्याची," एक मावशी म्हणाली.

"रामाकोन्याची कोण? उन्हाळ्यात नागपूरले कोण गेलं होतं?"

"त्या गणिताच्या मॅडम वं. तेव्हापासून शाळेतच नाई येऊन राहिल्या."

"अगं माय! तरीच हात असा धरून चालतात."

झालं. मॅडम.

इथं एक सांगून ठेवते. गाव, विषय अन् उन्हाळा, ह्या तीनमधलं काहीतरी मी बदललेलं आहे. कोणतं, ते विचारू नका.

ह्या मॅडम आधी आमच्या शाळेत होत्या. एकदा मी वर्गात डस्टर घेऊन त्यांची नक्कल करून राहिली होती अन् त्या मागून येऊन उभ्या राहिल्या. वर्ग गार. त्या म्हणाल्या, "मान अजून थोडी वाकडी कर. माझी जास्त वाकडी असते." मी केली. त्या हसल्या, अन् मंग फळ्यावर गणित देलं. माही सगळ्यात चांगली नक्कल तीच आहे. सगळ्या मोहल्ल्याले माहीत आहे.

अन् म्हणूनच त्या मावशीनं मले हाक मारली. "ए पोरी, तू तं मॅडमची भारी करते न? कर न, आता कशा चालतात त्या!"

बाया हसल्या. वाईट नाई हसल्या, सवयीनं हसल्या. ताईचं तोंड पांढरं पडलं होतं. सासू म्हणून राहिली होती, "पण मी कुठं नाव घेतलं? मी रामाकोन्याचं नावच नाई घेतलं!" अन् खरंच नव्हतं घेतलं.

मी उठली. म्हटलं, "अवो मावशी, तुमची गिणतीच चुकली. आठ कुठं, अकरा आहेत. त्यातल्या दोघींनी परत केले. एक तं नागपूरची आहे, तिनं मोहगावचा पत्ता देला. अन् एक ताईनं दुकानातल्या पुतळ्यासाठीच शिवला." जे तोंडात आलं ते बोलत गेली. मंग उसासावाल्या साहेबांची नक्कल केली, मंग छोट्या प्रश्नाची, मंग ताईच्या सासऱ्यांची, मंग त्या मावशीचीच. मावशीची केली तेव्हा झोपाळाही हसून राहिला होता. आमच्या ग्रुपात ह्याले कमीजास्त मिसळणं म्हणतात. मी ते हातवारे करून केलं.

पण एकदा निघालेली वजाबाकी परत घालता येत नाई. दोनतीन दिवसांनी मॅडमचा ताईले मेसेज आला. बाकीचे ब्लाऊज नको. शाळेतली सुट्टी त्यांनी अजून वाढवून घेतली होती.

ताई फोनवर रडली. "अवं, एका ब्लाऊजवर शाळेत कशा जाणार त्या? रोज धुतील का? बाकीचे भेटले की जातो म्हणत होत्या." मंग नाक पुसून म्हणाली, "अन् तू ती मर्यादा खाली आणून राहिली का?"

"तूच तं म्हटलं होतं."

"मले आकडा पाहिजे वं. पण असा नको."

आता मले मिटिंगीत काय करायचं ते समजत नव्हतं. मर्यादा खाली आणली तं मॅडम उघड्या पडतात. नाई आणली तं ताई दुकान बंद करते, अन् मंग मॅडमले ब्लाऊज शिवून देणारंच कोणी राहत नाई.

मिटिंग आमच्या संध्याकाळी होती. खाली आई तुळशीजवळ दिवा लावून राहिली होती. विषय आला तसा उसासा आला. एक बाजू म्हणे, लहान दुकानदारांवर अन्याय आहे, आकडा द्या. दुसरी बाजू म्हणे, नाई म्हणजे नाई. छोटासा प्रश्न चालू झाला. आमच्यात एक रीत आहे. मिटिंग चालवणाऱ्यानं स्वतःचं मत द्यायचं असन तं आधी तसं सांगायचं, मंग बोलायचं. मी ते कधीच केलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं, "आता पाच मिनिटं मी चालवणारी म्हणून बोलत नाई."

अन् मी त्यांना डोहाळजेवण सांगितलं. नाव नाई, गाव नाई, आजार नाई. सासूचं तोंड बंद होणं करून दाखवलं, बायांचे डोळे वर जाऊन हिशेब करणं करून दाखवलं. सगळे हसले. मंग मी सांगितलं, की त्या आठव्या बाईनं काम सोडून घरी बसणं पत्करलं. हसू थांबलं.

उसासावाल्यांनी उसासा टाकला नाई. त्यांनी विचारलं, "त्या सासूबाईंनी काय सांगितलं असतं तर चाललं असतं?"

प्रश्न बरोबर होता. मी विचार करून म्हटलं, "तिन्ही गावं मिळून एकच आकडा. अन् एकदा मिळवली की परत सुटी करून कोणालेच द्यायची नाईत. ताईलेही नाई."

"सासूबाई तेवढ्यावर खूश झाल्या असत्या?"

"आकडा मोठा दिसला असता. जास्तच खूश."

त्या दिवशी काही ठरलं नाई. आमच्याकडं एका दिवशी काहीच ठरत नाई. पण त्याच्यावर बाकीच्या लोकांनी चर्चा केली, कोणी दुरुस्त्या केल्या, कोणी म्हटलं हे आम्हीही सुचवणार होतो, अन् किती तरी मिटिंगांनंतर एक वाक्य मसुद्यात आलं. लहान जागा शेजारच्या जागांसोबत जोडाव्या, अन् जोडलेली बेरीज वजाबाकीनं उलगडता येऊ नये. ज्या कंपनीकडून ताई जाहिरात देते, त्यांनी ते परखाले घेतलं. ताईच्या रिपोर्टातल्या रेघा गेल्या अन् तिन्ही गावांचा मिळून एक आकडा आला. थोडा कमीजास्त मिसळलेला. पण लोक पाहून राहिले होते. लग्नाच्या ब्लाऊजांवर परत जायची गरज नव्हती.

"आता दुकानाचं पाह्य," ताई म्हणाली. "रिपोर्ट गप बसला. घरातले कसे बसवायचे?"

मी काही म्हणायच्या आत तिनंच विचारलं, "तुही आई अन् माही आई बोलत नाईत न अजून?"

"नाई."

"पक्कं?"

"मागच्या हप्त्यात काकूनं लोणचं पाठवलं तं आईनं बरणी धुऊन रिकामी परत केली."

"बापरे," ताई म्हणाली. आमच्याकडं शेजारणीची वाटीही कोणी रिकामी परत करत नाई. "मंग जमते आपलं."

अन् असं ठरलं. ज्या बाईले ब्लाऊज पाहिजे ती पांढुर्ण्याले आईले फोन करते अन् पत्ता देते. कायचा ब्लाऊज ते आईले सांगायचं नाई, साधा असो की भरावाचा. आई तिले एका फुलाचं नाव देते. त्या फुलाच्या नावानं ती बाई मोबाईलवर ताईच्या ऑर्डरच्या पानावर नाप टाकते. ताई शिवते. काकू सगळे एकसारख्या पाकिटात बांधते, वर फुलाचं नाव लिहिते, अन् थैली बसनं पांढुर्ण्याले येते. आई पत्ते लिहून कुरिअरले देते. आईले माहीत कोण, पण काय ते नाई. सौंसरले माहीत काय, पण कोण ते नाई. अन् दोन्ही टोकांना ज्या दोघी बसल्या, त्या मेल्या तरी एकमेकीले फोन करणार नाईत.

आईले हे काम लई आवडलं. मोगरा, शेवंती, जाई. एकीले तिनं धोतरा देलं.

"काऊन आई, धोतरा काऊन?"

"फोनवर तोऱ्यात बोलली."

ताईच्या सासूले आता कोणी विचारलं की ती छाती फुगवून सांगते, "ह्या महिन्यात लई गेले!" कुठं गेले, विचारलं की म्हणते, "फुलांकडं."

घोटाळा एकच झाला, तो बारशाले. वहिनीले पोरगी झाली होती. काकूनं बाळाले मांडीवर घेतलं, गाल गरम लागला, अन् वर पाहून सरळ आईलेच विचारलं, "ताप तं नाई न वो हिले?"

इतक्या वर्षांनी. सगळे आईकडं पाहून राहिले. आईचे डोळे भरले. ओठ हलले. मंग तिनं माह्याकडं पाह्यलं अन् म्हणाली, "सांग तुह्या काकूले, ताप नाई. दुपट्यात गुंडाळली म्हणून गरम आहे."

रांधणीत मी तिले धरलं. "बोलायचं होतं न तुले?"

"होतं वं." तिनं पदरानं डोळे पुसले. "पण मोगऱ्याचं काय? शेवंतीचं काय?"

मले हसावं की रडावं समजेना. मी म्हटलं, "आई, बोला न तुम्ही. बाळाचं बोला, भाजीचं बोला. फक्त पाकिटाचं नाई बोलायचं."

"असं चालते?"

"नियमात चालते."

आई बाहेर गेली, काकूजवळ बसली. दोघी आधी बाळाच्या टोपड्यावर बोलल्या, मंग दात कधी येतात त्याच्यावर. थोड्या वेळानं काकू म्हणाली, "ते पाकीट..." अन् आईनं तिच्या हातावर चापट मारली. "ते नाई बोलायचं." काकूनं कान पकडले.

मॅडमचं काय झालं, ते मले कोणी सांगितलं नाई. आईले विचारता येत नव्हतं, ताईले माहीत नव्हतं. यादी पाहायची असती तं ती आईच्या उशीखालीच होती. नाई पाहिली.

मंग एक दिवस पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर त्याच दिसल्या. खांद्याले पर्स, हातात पेपरांचा गठ्ठा. मीच पळत गेली.

"शाळा परत सुरू केली मी," त्या म्हणाल्या. "पोरांनी गणिताची वाट लावून ठेवली आहे." मंग विचारलं, "तू काय करतेस?"

मी थोडक्यात सांगितलं. त्यांनी मान वाकडी करून ऐकलं. म्हणाल्या, "म्हणजे किती ते सांगायचं, कोण ते नाही."

"हाव, मॅडम."

"मग तर त्या दिवशी तुमच्या अंगणात तू चांगलं काम केलंस. अकरा म्हणालीस म्हणे."

मी खाली पाह्यलं. त्यांच्यापर्यंत सगळंच पोचलं होतं.

"माझी नक्कल करतेस की नाही अजून?"

"नाई केली, मॅडम. तेव्हापासून नाई."

"का? कर."

"इथं?"

"इथंच. बसला वेळ आहे."

मी पर्समधला रुमाल काढला, डस्टर केलं, हवेतल्या फळ्यावर गणित लिहिलं, मागं वळून पाह्यलं.

"मान," त्या म्हणाल्या. मी अजून वाकवली. "हं. पण हात जुना आहे तुझा. आता माझा डावा हात असा असतो, बघ." अन् त्यांनी गठ्ठा मले धराले देला, दोन पावलं चालून दाखवली, कोपर अंगाशी घट्ट लावून. "ऑपरेशननंतर सवयच लागली. आता कर."

मी गठ्ठा त्यांच्याकडं देला, कोपर अंगाशी लावलं अन् चालली. बाकावर बसलेले लोक हसले. कोणाची नक्कल आहे, ते त्यांच्यातल्या कोणालेच माहीत नव्हतं. पेपरांचा गठ्ठा छातीशी धरून मॅडम सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसून राहिल्या होत्या.